आकडा उसना घ्यायचा नाही

शालनताई इंगवल्यांबद्दल लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. त्यांची गोष्ट सांगायची तर पिस्तुलाच्या काडतुसात किती पावडर भरायची याचे आकडे ओघानं येणार, आणि ते मी इथे लिहिले तर ताई माझी हजेरी घेतल्याशिवाय राहणार नाहीत. "आकडा उसना घ्यायचा नाही आणि उसना द्यायचा पण नाही," हे त्यांचं वाक्य मी सहा वर्षं ऐकलं. तेव्हा आधीच सांगून टाकतो, या लेखात पावडरचं एकही माप येणार नाही. ज्याला हवं असेल त्यानं आपल्या गोळीचं आणि आपल्या पावडरचं छापील पुस्तक स्वतः उघडावं आणि शेजारी एक भांडकुदळ माणूस बसवावा. भांडकुदळ कशाला, ते पुढे येईलच.

परदेशात मराठी माणसं एकमेकांना भेटतात ती गणपतीच्या आरतीला नाहीतर कुणाच्या तरी घरच्या मिसळीला. आमची भेट झाली पिस्तूल क्लबात. मी पुण्याचा जोशी, ईस्ट टामाकीत पॅकिंगची मशिनं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. २०१२ च्या जानेवारीत, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्यात, नवा उमेदवार म्हणून क्लबात गेलो तो शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपर, घालून. त्या देशात लोक बँकेत आणि लग्नातही जँडल्स घालून जातात, त्यामुळे मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं.

"यू कॅनॉट शूट इन दोज," मागून आवाज आला.

वळून पाहिलं तर जांभळा कार्डिगन, बारीकसा अंबाडा, गळ्यात अडकवलेले इअरमफ्स आणि वय पंचावन्नच्या पुढचं. बाईंनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली.

"जोशी? कुठला रे?"

"पुण्याचा."

"तरीच. अरे, पिस्तुलातनं उडालेलं काडतुसाचं गरम पितळ पायावर पडलं की नाचशील, आणि तेव्हा हातात भरलेलं पिस्तूल असेल. जा, बूट घालून ये. मी थांबतो."

कोल्हापूरच्या बायका बोलतात तशा त्या स्वतःबद्दल 'मी येतो', 'मी करतो' असंच म्हणायच्या. पस्तीस मिनिटं गाडी चालवून घरी जाऊन बूट घालून परत आलो, तर बाई खरोखरच थांबल्या होत्या. पुढे कळलं की त्या कुणालाही 'थांबतो' म्हणाल्या की थांबायच्या.

त्या एका मोठ्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट होत्या. क्लबातले सगळे गोरे त्यांना 'द केमिस्ट' म्हणायचे, कारण तिथे औषधवाल्याला केमिस्टच म्हणतात. कॉलेजात असताना एनसीसीत त्यांनी रायफल चालवली होती. कोल्हापुरात नेमबाजीचं कुणाला अप्रूप नाही. दिल्लीच्या शिबिरासाठी निवड झाली, आणि त्याच महिन्यात लग्न ठरलं. "शिबिर दरवर्षी असतं म्हणाले घरचे, स्थळ दरवर्षी येत नाही," एवढंच त्या सांगायच्या. मग नोकरी, मुलगी, देश बदलणं. पंचावन्नाव्या वर्षी एका रविवारी त्या नवऱ्याला म्हणाल्या, मला क्लबात सोडा. नवरा म्हणाला, हो. तिथून पुढे रविवार त्यांचा झाला. मुलगी लग्न करून वेलिंग्टनला गेली होती. घर, हॉस्पिटल, मराठी मंडळ यात त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही, पण रविवार मागितला तर सरळ सांगायच्या, "एवढं एक माझं आहे. ते सोडून काय पण माग."

क्लबात त्या स्टीलच्या डब्यातनं भडंग आणायच्या, भरपूर लसूण घातलेलं. पण ते मिळायचं हात दाखवल्यावर. गोळ्यांचं शिसं हाताला लागतं, म्हणून आधी गार पाण्यानं साबण लावून हात धुवायचे आणि मग ताईंपुढे दोन्ही पंजे उलटसुलट धरायचे. नेमबाजीच्या वेळी शिस्तीवर नजर ठेवणारा आमचा रेंज ऑफिसर ग्रॅहम हा सहा फुटी, पूर्वी मेंढ्यांची लोकर काढायचा धंदा केलेला गडी. तोसुद्धा शाळकरी पोरासारखा पंजे दाखवत रांगेत उभा राहायचा. एकदा त्यानं नुसते पँटला पुसले. ताईंनी डबा बंद केला आणि भडंग थेट पुढच्या रविवारी निघालं.

माझं आणि त्यांचं खरं गणित जमलं ते त्यांच्या मनुरेवातल्या गॅरेजमध्ये. स्पर्धेला काडतुसं पुष्कळ लागतात, त्यामुळे नियमानं नेम मारणारे लोक ती घरीच भरतात. उडवलेलं रिकामं पितळ गोळा करायचं, साफ करायचं, त्यात नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, आणि मोजून पावडर घालायची आणि वर गोळी बसवायची. ताईंच्या गॅरेजात गाडी कधीच शिरली नाही. तिथे एक टेबल, त्यावर हातानं दाबायचा प्रेस, तराजू, औषधाच्या गोळ्या मोजायचं फार्मसीतलं तबक आणि एक स्टीलची चपटी पट्टी असायची. गोळ्या पाच-पाचनं सरकवायची ती पट्टी ताई वेगळ्या कामाला वापरायच्या. पुस्तकातल्या ओळीखाली ठेवून आकडा वाचायला.

पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत लॅपटॉप घेऊन गेलो. आम्ही दोघं मुलाम्याच्या गोळ्या वापरणार होतो. या गोळीचा गाभा शिशाचा आणि वर तांब्याचा पातळ थर असतो. जाड तांब्याच्या कवचाची गोळी वेगळी आणि नुसत्या शिशाची वेगळी. ही मधली. पंचाईत अशी की बऱ्याच पुस्तकांत कवचाच्या गोळीचा खाना असतो, शिशाच्या गोळीचा असतो, मुलाम्याचा नसतो. मी इंजिनियर. एक आकडा कवचाच्या खान्यातनं घेतला, एक शिशाच्या, तिसरा इंटरनेटवरच्या कुणा अनोळखी माणसाचा, आणि तिघांची सरासरी काढली. दशांशाच्या पुढे तीन घरांपर्यंत.

ताईंनी चष्मा खाली करून माझा तक्ता पाहिला. "हे काय आहे?"

"सरासरी. तीन सोर्सेस आहेत, एरर कमी होतो."

"तुझी आई आजारी पडली. तीन डॉक्टर आले. तिघांनी तीन डोस लिहिले. तू सरासरी काढून देशील?"

मी लॅपटॉप आपल्याकडे ओढायला लागलो.

"त्यातला एक डॉक्टर पण न्हवं, बाहेर बाकावर बसलेला माणूस आहे," त्या इंटरनेटच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "एकानं दुसऱ्याच आजाराचं औषध लिहिलंय. सगळं मिसळून काय होईल, सरबत?"

मग त्यांनी मला शिकवलं, तेही औषध शिकवावं तसं. आधी गोळी ज्यानं बनवली तो काय म्हणतो ते वाचायचं. या गोळीला किती वेगापर्यंत नेऊ नका हे तो सांगतो, कारण पातळ मुलामा जास्त वेगाला टिकत नाही. मग पावडरवाल्याचं पुस्तक. नेमकी आपलीच गोळी त्यात असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर गोळीवाला ज्या खान्याकडे बोट दाखवतो तिथे जायचं, बहुतेक वेळा शिशाच्या, आणि सुरुवातीच्या मापापासून चालू करायचं. कवचाच्या गोळीचं कमाल माप बघायचं पण नाही. पावडरचं नाव एका अक्षरानं वेगळं असलं तरी ती वेगळी पावडर. वजन तेच पण गोळी लांब असेल तर ती पितळात खोल बसते, आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. "आणि फार शहाणपणा करून सुरुवातीच्या खाली पण जायचं नाही," त्या म्हणाल्या, "गोळी नळीतच अडकून बसते, आणि मागनं दुसरी येते."

"मग अचूक आकडा कुठला?" मी विचारलं.

"अचूक कुणाला पाहिजे? उद्या पण दोन्ही हातांनी भडंग खाता येईल असा पाहिजे."

या सगळ्या काळजीची क्लबात थोडी टिंगल व्हायची. कुठलीही अडचण आली की ग्रॅहम "शी'ल बी राइट" म्हणायचा. होईल सगळं ठीक, असा त्या देशाचा स्वभावच आहे आणि एरवी मला तो आवडतो. एका रविवारी ग्रॅहमच्या गोळ्या कागदावर आडव्या लागायला लागल्या. गोल भोकाऐवजी कागदात चपलेच्या ठशासारखी लांबट भोकं. तो पिस्तुलाला शिव्या देत होता. ताईंनी ते भोक पाहिलं, त्याच्या डब्यातलं एक काडतूस मागून घेतलं, उघडलं आणि गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. काडतुसाचं तोंड त्यानं इतकं आवळलं होतं की गोळीला गोल चीर पडली होती आणि तांब्याखालचं करडं शिसं दिसत होतं.

"यू हॅव पील्ड इट, ग्रॅहम. लाइक अ बटाटा."

"शी'ल बी राइट, शालन. आय'ल जस्ट गिव्ह इट मोअर पावडर."

"नो, ग्रॅहम. शी विल नॉट बी राइट."

त्यानं बिचाऱ्यानं काडतुसं परत पिशवीत घातली. पुढच्या शनिवारी तो गॅरेजमध्ये हजर झाला, आणि येताना हात धुऊन आला होता.

आता भांडकुदळ माणसाची गोष्ट. हॉस्पिटलात जोखमीचं औषध द्यायचं तर दोघांनी मोजावं लागतं, आणि दुसऱ्यानं पहिल्याचं उत्तर न बघता मोजावं लागतं. ताईंनी तीच रीत गॅरेजात आणली होती. दोघांनी आळीपाळीनं पुस्तक वाचायचं, आपापला आकडा चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी दुमडायची आणि मग दोन्ही एकदम उघडायच्या. जुळल्या तर वहीत आकडा, भरणाऱ्याची सही आणि तपासणाऱ्याची सही. "डोळे चार पाहिजेत," त्या म्हणायच्या, "आणि दोन-दोन वेगळ्या डोक्यांतले."

एका शनिवारी मी माझी चिठ्ठी दुमडून ठेवली होती. ताई तराजूशी काहीतरी करत होत्या आणि करता करता आपला आकडा मोठ्यांदा बोलून गेल्या. माझ्याशी जुळेना. मी हळूच चिठ्ठी उघडली, माझा आकडा खोडला आणि त्यांचा लिहिला. पंधरा वर्षं औषधं मोजलेली बाई चुकेल, की कालचा पोरगा? चिठ्ठ्या उघडल्या. जुळल्या.

"खोडलास का?" ताईंनी विचारलं.

"तुम्ही वेगळा म्हणालात, मला वाटलं माझंच चुकलं."

"मी मुद्दाम चुकीचा बोललो."

मला वाटलं आता हसतील आणि विषय संपेल. पण त्यांनी माझी चिठ्ठी उचलली, ती खोडलेली रेघ माझ्यापुढे धरली. "हा मान दिलास मला? या मानात माझी बोटं गेली असती, कळलं? मी तुला भांडायला ठेवलाय. हो म्हणायला बापू आहेत घरात."

पुढचे चार शनिवार मी फक्त पितळ निवडलं. अपमान पुष्कळ झाला, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. कारखान्यात आठ वर्षं माझ्या सह्या घेतल्या जात होत्या, पण माझं मत कुणी इतक्या गांभीर्यानं घेतलं नव्हतं.

बापू म्हणजे ताईंचे यजमान. बँकेतनं निवृत्त झालेले, गोरे, गोल, कमी बोलणारे आणि उत्कृष्ट चहा करणारे. त्यांचा संसार त्यांनी एका शब्दावर ओढला होता. "बापू, आज वांगी करूया का?" "हो." "बापू, पडदे बदलायचे?" "हो." ताई कधी कधी चिडायच्या, "अहो, तुम्हाला काय वाटतं ते सांगा की." त्यावरही ते "हो" म्हणून चहा टाकायला जायचे. मला ते फार आवडायचे. घरात एकानं तरी लढाई सोडून दिलेली असावी, असं माझं मत आहे.

ताई निवृत्त झाल्या २०१६ च्या सुरुवातीला. त्यानंतर वर्षाभरानं त्यांनी गॅरेजातली फळी बापूंकडून काढून परत ठोकून घेतली. वाकडी दिसते म्हणाल्या. बापूंनी ठोकली. महिन्याभरानं परत वाकडी दिसायला लागली. बापूंनी परत काढली. मी कारखान्यातनं लेव्हल आणली, पाण्याचा बुडबुडा बरोबर मधोमध होता. "तुझं यंत्र बिघडलंय," ताई म्हणाल्या, आणि बापूंनी तिसऱ्यांदा फळी उतरवली. आम्ही तिघंही त्या फळीवर पुष्कळ हसलो. आज ते हसणं आठवलं की मला माझाच राग येतो.

२०१७ च्या दिवाळीला मी तीन आठवडे पुण्याला गेलो. नेमकी त्याच सुमारास आमची नेहमीची पावडर दुकानात मिळेनाशी झाली, म्हणून ताईंनी दुसरी घेतली. नवी पावडर म्हणजे नवं पान, नवा आकडा. नोव्हेंबरात क्लबची वर्षअखेरची मॅच होती आणि सरावाला वेळ हवा होता, पण तपासायला मी नव्हतो. मी परत आलो तो मॅचच्या आदल्या दिवशी, शनिवारी. दुपारी गॅरेजात गेलो तर ताई खुशीत होत्या. दीडशे काडतुसं भरून, डबा उद्याच्या पिशवीत ठेवून तयार होता. सुरुवातीचंच माप आहे म्हणून एकदम भरून टाकली, म्हणाल्या. आता याच मापानं पुढची खेप करू, तू आलायस तर रीतसर चिठ्ठी कर.

मी पट्टी ओळीखाली ठेवली, वाचलं, लिहिलं, दुमडलं. त्यांनी वाचलं, लिहिलं, दुमडलं. उघडल्या. दशांशाच्या पुढे माझा तीन होता आणि त्यांचा आठ.

मी हसलो. "परत परीक्षा का, ताई? आता नाही फसणार."

ताई हसल्या नाहीत. "नाही रे. मी आठच वाचला."

पिस्तुलाच्या काडतुसात पावडर चिमूटभरच असते. त्या पानावर तीन ही सुरुवात होती, आणि आठ हे कमाल मापाच्याही पलीकडे जात होतं. शिवाय मुलाम्याच्या गोळीला. ताईंनी पुस्तक जवळ ओढलं, मग लांब धरलं. उजवा डोळा झाकून पाहिलं, मग डावा झाकून पाहिलं आणि तसाच झाकून बसून राहिल्या.

"एका डोळ्यानं तीन दिसतोय," त्या सावकाश म्हणाल्या. "दुसऱ्यानं तिथं नुसता डाग आहे."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं की छपाई बारीक आहे ताई, कुणाचंही होईल. गॅरेजात उजेड कमी आहे असंही म्हणता आलं असतं. उद्याची मॅच, ती बाई, तो एक रविवार, सगळं मला समोर दिसत होतं. आयुष्यात मी पुष्कळ वेळा असं गोड बोलून निभावून नेलेलं आहे. पण मला तिथे भांडायला ठेवलं होतं.

"तीनच आहे, ताई," मी म्हणालो. "आणि ती पिशवीतली दीडशे?"

त्यांनी वही उघडली. शेवटच्या नोंदीत आठ होता. भरणाऱ्याची सही त्यांची आणि तपासणाऱ्याची बापूंची. त्यांनी पिशवीतनं डबा काढला, एक काडतूस उचललं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि नकळत कार्डिगनच्या खिशात टाकलं. मग हाक मारली. बापू हातात गाळणं घेऊन आले.

"बापू, तुम्ही पुस्तक वाचलं होतं का?"

"तू आठ म्हणालीस," बापू म्हणाले. "मी म्हटलं, हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिस्तूल ताईंच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असणार होतं. बापूंना ते कळलं तसं ते गाळणं घेऊन तिथल्या खोक्यावरच बसले.

ताईंच्या मनात मात्र उद्याचं काही नव्हतंच. "निवृत्त होऊन पावणेदोन वर्षं झाली," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तेव्हा दिसत होतं ना रे मला? वॉर्डला औषधं दिली मी. लहान पोरांच्या वॉर्डला दिली."

"हो," बापू म्हणाले.

"हो म्हणू नका हो," ताई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज फुटला. "मी चुकलो असेन तर मला सांगणारं कुणीतरी पाहिजे."

"तिथे दुसरी चिठ्ठी खरी होती, ताई," मी म्हणालो. "तिथे तुमच्यासमोर बापू नव्हते."

त्यांनी ते मनात दोनदा वाचून पाहिलं असावं. मग डोळे पुसले, फोन घेतला आणि ग्रॅहमला सांगितलं की मी उद्या येत नाही, मी माझी काडतुसं चुकीची भरली आहेत. आडपडदा न ठेवता, याच शब्दांत. पलीकडून तो "शी'ल बी राइट, शालन, यूज माइन," असं काहीतरी म्हणाला. ताई म्हणाल्या, "थँक यू, ग्रॅहम. बट आय कॅनॉट सी द बुक." आणि जरा थांबून, पिस्तुलाच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेबद्दल, "आय थिंक आय कॅनॉट सी द फ्रंट साइट आयदर. आय वॉज ब्लेमिंग द लाइट."

पुढचं थोडक्यात सांगतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याच्या मधोमध झीज झालीये, सरळ रेषा वाकड्या दिसणं ही त्याची पहिली खूण. फळी बिचारी सरळच होती. दुखणं त्यांच्या निवृत्तीनंतरचंच असावं असंही ते म्हणाले, आणि ताईंनी ते लेखी मागून घेतलं. डोळ्यांत इंजेक्शनं सुरू झाली. परवाना ताईंनी आपण होऊन परत केला, पोलिसांनी मागायच्या आधी. २०१८ च्या थंडीत दोघं वेलिंग्टनला मुलीकडे राहायला गेली. पुस्तक, तबक आणि स्टीलची पट्टी माझ्याकडे आली. फोन होतो अधूनमधून. "कोण आहे तुझा दुसरा?" हे त्या पहिल्यांदा विचारतात, तब्येत नंतर. ग्रॅहम आहे, मी सांगतो. "भांडतो का?" भांडतो, मी सांगतो, आणि ते खरं आहे.

त्यांना निरोप द्यायला मी विमानतळावर गेलो होतो. पण तिथल्या ताई मला आठवत नाहीत. शेवटच्या म्हणून आठवतात त्या त्याच शनिवारच्या, संध्याकाळी साडेसातच्या उन्हातल्या.

भरलेलं काडतूस फोडायचा एक प्लास्टिकचा हातोडा असतो. त्याच्या पोकळ डोक्यात काडतूस बसवायचं आणि लाकडावर आपटायचं, की गोळी सुटून बाजूला येते. एकेकाला दोन-तीन फटके लागतात. मी हातोडा उचलला तर ताईंनी काढून घेतला. "ज्यानं भरली त्यानं फोडायची." दुपारी तीनपासून त्या फोडत होत्या. अध्येमध्ये मनगट चोळायच्या. निघालेली पावडर परत बाटलीत जात नाही, ती मी वेगळ्या भांड्यात घेत होतो, बागेत पसरायला. सुटलेल्या गोळ्या बापूंच्या पुढ्यातल्या तबकात पडत होत्या, आणि ते स्टीलच्या पट्टीनं पाच-पाच सरकवून मोजत होते. त्यांच्या हाती ती पट्टी मी पहिल्यांदाच पाहिली. चहा थंड झाला होता. कुणी नवा केला नाही.

शेवटी ताईंनी हातोडा खाली ठेवला. "झाल्या दीडशे," त्या म्हणाल्या आणि वहीत 'फोडल्या' लिहायला पेन मागितलं.

बापू तबकाकडे बघत बसले होते. "नाही," ते म्हणाले.

"काय नाही?"

"एकशे एकोणपन्नास आहेत. मी दोनदा मोजल्यात."

"डब्यात दीडशे होती, बापू. डबा रिकामा आहे."

"असेल," बापू म्हणाले. कपाळावर घाम आला होता त्यांच्या. "पण इथं एकशे एकोणपन्नास आहेत. एक कुठंतरी आहे. ती सापडल्याशिवाय मी सही करणार नाही."

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात तो चेहरा त्यांना नवीन असावा. आम्ही तिघंही गुडघ्यांवर बसून टेबलाखाली, प्रेसमागे, फळीखाली शोधायला लागलो. शोधता शोधता ताईंचा हात कार्डिगनच्या खिशात गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी ते काडतूस बाहेर काढलं, तळहातावर धरलं. मग बापूंचा हात ओढून त्यांच्या हातात ठेवलं, आणि हातोडाही दिला.

"ही तुम्ही फोडा."

मी निघालो. गाडी मागे घेताना गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं. जांभळा कार्डिगन बापूंच्या शेजारी ओणवा उभा होता. बापूंनी दोन्ही हातांनी हातोडा धरून एक फटका मारला, अगदी हलका, कुणाला लागेल या भीतीनं मारावा तसा.

"जोरात की," ताईंचा आवाज आला.

"हो," बापू म्हणाले.